घंगाळ्याचं तांबं

दुपारच्या सुट्टीत आम्ही सगळे मास्तर पानसुपारीला जमलो, की खांबेटे मास्तर विज्ञानाच्या खोलीचं दार लोटून घेत आणि खिडकीतल्या उन्हात तळहात आडवा धरून बसत. हात धरायचा, काढायचा, परत धरायचा. भोरच्या संस्थानी शाळेत मी तेव्हा नुकताच चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो होतो. पहिल्याच आठवड्यात शिपायानं मला बजावलं, "त्या खोलीकडं जाऊ नगा. मास्तर उन्हाशी कायतरी बोलत्यात." मी मुळात भोचक. दुसऱ्या दिवशी दार ढकलून सरळ आत गेलो.

टेबलावर हाताच्या पंजाएवढा एक पत्रा होता, त्याला दोन तारा जोडलेल्या आणि तारांच्या टोकाला काचेच्या पेटीतलं एक यंत्र. मास्तरांनी हात बाजूला केला, पत्र्यावर ऊन पडलं आणि यंत्रातली बारीक सुई जराशी सरकली. हात आड आला, सुई जागेवर.

"बॅटरी नाही, काही नाही," ते म्हणाले. "नुसतं ऊन. दिसली ना वीज?"

"दिसली. पण हा लाल कुठला?" मी विचारलं. पत्र्याचा रंग मला काही केल्या ओळखू येत नव्हता. कुंकवाचा नव्हे, गेरूचाही नव्हे. खोल, जरासा जांभळट, आतून ओला वाटणारा. रंगाच्या पेटीत तो मिळणं शक्य नव्हतं.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "कमाल आहे! इतके लोक येऊन गेले. सगळ्यांनी विचारलं, याचा उपयोग काय. रंग कुणी विचारला नाही. बसा, बसा."

मी बसलो तो पुढं कित्येक वर्षं त्यांच्यासमोर बसतच राहिलो.

खांबेटे मूळचे भोरचेच. पुण्यात पदवी घेऊन ते बंगळूरला संशोधनाला गेले होते. धातूवर हवेनं आणि उष्णतेनं जी साल चढते, तिच्यावर त्यांचं काम. तिथं एक मोठे परदेशी प्राध्यापक त्यांचे मार्गदर्शक होते. या प्राध्यापकांच्या नावानं निबंध छापून आला. सगळं काम खांबेट्यांचं, आणि त्यांचं नाव पानाच्या तळाशी आभारात. तो निबंध त्यांनी मला एकदा दाखवला. मी संतापलो. "अहो, हा दरोडा आहे!" तर म्हणाले, "ओरडू नका. बारीक अक्षरात का होईना, आहे ना?" पुढं ते प्राध्यापक मायदेशी परतले, शिष्यवृत्ती थांबली आणि अर्धा प्रबंध ट्रंकेत घालून खांबेटे भोरला आले. नव्या जागेसाठी त्यांनी पुष्कळ अर्ज केले. रसायनशास्त्रवाले कळवीत, तुमचं काम पदार्थविज्ञानात मोडतं. पदार्थविज्ञानवाले कळवीत, तुमची पदवी रसायनाची. "मी आपला उंबऱ्यावर उभा," ते म्हणत, "आणि दोन्ही घरांतून आवाज येतोय, कोण आहे हो बाहेर!"

हा त्यांचा पत्राही तसलाच. एकदा मला समजेल असं सांगा म्हटलं, तर म्हणाले, "धातूतून वीज धावते. लाकडातून जात नाही. ही लाल साल ना धड धातू, ना धड लाकूड. मर्जी असली तर जाऊ देते, नसली तर अडवते. या असल्या अर्धवट पदार्थांत जगाचं पुढचं सगळं काम दडलंय, बघा तुम्ही." आम्ही दोघंही संस्थानचे नोकर, म्हणून मी म्हटलं, "म्हणजे आपल्या संस्थानासारखंच की. ना धड राज्य, ना धड सरकार." यावर इतके हसले, की ठसका लागला. पण लगेच दाराकडे बघून म्हणाले, "हळू बोला, तुमच्यापायी माझी खोली जायची."

हसत असे हा माणूस, पण एकटा होता. इतका एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लग्न झालं नव्हतं, आई गेली होती. तसे गावात बोलायला लोक होते. नमस्कार होई, पावसापाण्याचं होई. पण डोक्यात दिवसभर जे चाललेलं असे, त्यातलं एक वाक्य ऐकवावं असा माणूस नीरा नदीच्या या काठाला नव्हता आणि त्या काठालाही नव्हता. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यापासून परदेशातली मासिकंही बंद पडली. एकदा म्हणाले, "चित्रकार, मी इथं जे करतोय ते कुणी तिकडं आधीच करून मोकळं झालं असेल. मला ते कळणारसुद्धा नाही."  मी आपला चहा ओतला.

त्यांच्या घरी धुणंभांडी करायला येसूबाई येई. ती वेल्ह्याकडच्या पासलीची. नवरा गेल्यावर दिरांनी भाताच्या खाचरात उभं राहू दिलं नाही, म्हणून भोरात भावाकडे आली होती. तोंडानं फटकळ, पण मास्तरांवर माया. "आवं मास्तर, त्या पत्र्यापरास पोटाला बगा जरा," असं दिवसातून एकदा तरी ऐकवी. मास्तर तिला अहो-जाहो करत, त्याचं तिला भारी अप्रूप वाटे.

पत्रे मास्तर स्वतःच तयार करत. गावातल्या एका तांबटाच्या भट्टीत पत्रा लालभडक तापवायचा आणि अगदी सावकाश निववायचा. मग त्यावर दोन साली चढत. वर काळी, तिच्या पोटात लाल. काळी काढून टाकायची, लाल ठेवायची. सगळी करामत त्या लालमध्ये. आधी मास्तर तेजाबानं काळी साल काढत. लढाईत तेजाब मिळेना, तेव्हा एक दिवस येसूबाईला चिंच लावून कळशी घासताना बघून ते उडालेच. पातळ चिंचेच्या पाण्यात पत्रा बुडवून, बोटाच्या टोकानं, सकाळभर बसून ते काळा पदर उतरवू लागले. येसूबाई भांडी घासता घासता बघे आणि म्हणे, "आसं कुरवाळून भांडं निगतंय व्हय?"

दुसरी मोठी अडचण तांब्याची. बाजारातून आणलेल्या कुठल्याही तांब्यानं सुई हलत नसे. हलवायचा तो एकच पत्रा, त्यांच्या आईच्या अंघोळीच्या घंगाळ्याचा. त्या जुन्या तांब्यात असं काय आहे, कसली भेसळ आहे, हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि त्यासाठी ते घंगाळं हळूहळू कापून संपत आलं होतं. एखाद्या दिवशी सुई भरपूर हलली आणि मी "जिंकलंत!" म्हणून ओरडलो, की ते म्हणत, "एकदा झालं ते झालंच नाही. दुसऱ्यांदा झालं तर बघू." हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं होतं, की पोरं नक्कल करत.

आणि एका हिवाळ्यात ते दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदाही झालं. घंगाळ्याच्या उरलेल्या तांब्याचे पत्रे पुन्हा पुन्हा तापवून मास्तरांनी रीत बसवली होती. त्याच सुमारास टपालानं निरोप आला. बंगळूरचा त्यांचा एक जुना सोबती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मोठ्या जागेवर गेला होता. तो दोन दिवस पुण्यात येणार होता. त्यानं कळवलं होतं, पत्रे घेऊन ये, माझ्या डोळ्यांदेखत सुई हलली तर तुझी जागा माझ्याकडे पक्की. खांबेट्यांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.  "चित्रकार, तिथं मी बोललेलं लोकांना कळेल हो," एवढंच म्हणाले. मला आनंद झाला, आणि लगेच मनात आलं, ते गेल्यावर मी कुणासमोर बसणार?

निघायच्या आदल्या दिवशी मास्तरांना हिवताप भरला. पत्रे भट्टीतून निघून आले होते, फक्त काळी साल उतरवायची राहिली होती. ते परातीत चिंचेच्या पाण्यात घालून मास्तर परसात बसले, पण हुडहुडी आवरेना, म्हणून घटकाभर पडतो म्हणून आत गेले आणि तापात झोपून गेले.

मी गेलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. येसूबाई ओसरीवर उभी होती. हात कोपरापर्यंत विटकरीच्या पुडीनं माखलेले, तोंडभर हसू. "या डराइंग मास्तर! बगा तरी," म्हणाली. धुवट फडक्यावर सगळे पत्रे ओळीनं मांडलेले होते. असे लखलखत होते, की त्यात माझं तोंड दिसावं. "मास्तर तापानं फणफणल्यात, उद्या पुन्याला जायाचं, आन काम तसंच पडल्यालं. म्हनलं आपुन करू. लई चिवट व्हतं बगा. काळं निगालं तर खाली तांबडा गंज! त्योबी काढला. काथ्यानं घासून घासून हाताची सालं निगाली, पन सोडलं न्हाई."

माझं टाळकं सरकलं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. चटका बसावा इतका तापलेला. मास्तर भिंत धरून उभे होते. त्यांनी पत्रे पाहिले. एक उचलला, उन्हाकडे धरला, उलटा करून पाहिला. मग येसूबाईच्या हातांकडे पाहिलं.

"झकास," ते म्हणाले. "येसूबाई, मला नसतं हो असं जमलं. आधी हाताला खोबरेल लावा बघू."

ती आत गेल्यावर मी दातओठ खात म्हटलं, "पुन्हा तापवा ना! आत्ता जाऊन भट्टी पेटवू." ते खाली बसले. "कुठली भट्टी पेटवता? तांबट परवाच खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला गेला. घंगाळं संपलं, शाळेतला पत्राही यातच होता. आणि हे बघा, कागद झालेत. आता आगीत धरले तर भोकं पडतील." मग माझा हात घट्ट धरून म्हणाले, "हिला कळता कामा नये. शपथ आहे तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरलेला, पण अंगात त्राण नाही. मास्तर जाणारच नव्हते. पण येसूबाई भाकरी-पिठलं बांधून, पत्रे फडक्यात गुंडाळून मोटारीच्या थांब्यावर येऊन उभी. "दावा सायबाला. म्हनावं, हितंबी मानसं काम करत्यात!" तिच्यासमोर मोटारीत न चढणं त्यांना जमलं नाही. सोबतीला मी चढलो.

वाटेत कापूरव्होळला मोटार थांबली, तसे मास्तर गाठोडं घेऊन खाली उतरले आणि एका वडाखाली जाऊन बसले. मी विनवण्या केल्या. "अहो, नुसतं जाऊन भेटा. झालं ते सांगा. तो तुमचा मित्र आहे."

"सांगेन की. तो माझ्यावर विश्वासही ठेवील. मग हसेल. चांगला आहे तो, पण हसेलच. आणि मुंबईत, बंगळूरला, जिथं जाईल तिथं सांगेल, खांबेट्याच्या मोलकरणीनं त्याचं संशोधन चिंचेनं घासलं. जन्मभर माझ्या कामाची एवढीच गोष्ट उरेल, आणि त्यात ती बाई वेडी ठरेल." त्यांनी गाठोड्यावरून हात फिरवला. "तिनं माझ्यासाठी हात सोलून घेतले हो. माझ्या कामाला दुसऱ्या कुणी हात तरी लावला होता का आजवर?"

पुण्याकडे जाणाऱ्या मोटारी आमच्यासमोरून गेल्या. आम्ही येसूबाईची भाकरी खाल्ली. आणि मग खांबेटे बोलायला लागले. लाल सालीतून वीज एका बाजूनंच का धावते, घंगाळ्याच्या तांब्यात काय असावं, अंधारात पत्रा काय करतो, सगळं. काडीनं मातीत आकृत्या काढत होते, पायानं पुसत होते, पुन्हा काढत होते. बंगळूर सोडल्यापासूनचं सगळं बोलून घेत होते. मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही. मी हूं हूं करत राहिलो आणि मधेच कळवळून रडायला आलं, तेव्हा ऊन लागतंय म्हणून तोंड फिरवलं. परतीची मोटार आली, तशी त्यांनी शेवटची आकृती पुसली आणि धोतर झटकलं.

थांब्यावर येसूबाई होतीच. "काय म्हनला सायब?"

"फार आवडले त्याला," मास्तर म्हणाले. "पण इथली शाळा कशी सोडायची? मीच नको म्हटलं."

यानंतर खिडकीशी ते पुन्हा बसले नाहीत. यंत्राची पेटी कपाटात गेली. पत्रे घरातल्या फळीवर उभे राहिले आणि येसूबाई दर शनिवारी ते खाली काढून चिंच लावून घासू लागली. तेव्हा मास्तर समोर बसून असत. "झकास," म्हणत. मला ते बघवत नसे. मी शनिवारी जायचं बंद केलं.

स्वातंत्र्याच्या आधीच्या हिवाळ्यात खांबेटे गेले. छातीत कळ आली आणि संपलं. नीरेच्या काठावर मोजकी माणसं होतो. मास्तरांच्या घरी परतलो तर येसूबाई ओसरीवर बसली होती, मांडीवर ते पत्रे. तिनं त्यातला एक माझ्या हातात दिला.

"तुमी व्हता त्या दिशी त्यांच्या संगं," ती म्हणाली. "मास्तर मानूस मऊ. कुनाचं मन राखायला बोलायचं. म्हून तुमास्नी इचारते, खरं सांगा. सायबाला खरंच आवडलं व्हतं का वो?"

मी पत्र्याकडे पाहिलं. त्यात माझं तोंड स्वच्छ दिसत होतं.

"व्हय येसूबाई," मी म्हटलं. "लई आवडलं व्हतं. दिवसभर त्याच्यावरच बोलत होते."

तिनं डोळे पुसले. "मंग झालं," म्हणाली, आणि उरलेले पत्रे घेऊन परसात घासायला गेली.