माझं नाही हं, तो म्हणतो

"माझं नाही हं, तो म्हणतो," असं म्हणून ती चष्मा वर सरकवायची आणि मग त्याचं म्हणणं सांगायची. 'तो' म्हणजे कोणीही. कधी पुलावरचा पहारेकरी, कधी दाढीवाला जादूगार, कधी चोरांचा सरदार. हे सगळे तिच्या कॉम्प्युटरमध्ये राहायचे आणि इंग्रजीत बोलायचे. आमच्यापर्यंत तिच्या तोंडून यायचे, आणि आले की थेट आमच्यासारखे बोलायचे. "काहून आला इकडे? वाट चुकला काय बे?" असा पहारेकरी दुसऱ्या कोणाच्या नशिबी आला नसेल.

आम्ही सगळ्या तिला दीदी म्हणायचो. इथे रायपूरला ज्याला-त्याला भैया आणि दीदी म्हणायची सवयच आहे. ती मूळची आमच्याच विदर्भातली, नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये केलेली. "तिकडे जन्मभर दुसऱ्याचं बोलणं जोडून दिलं, मध्ये एक शब्द बोलायची सोय नव्हती," म्हणायची, "आता कसर काढून राहिली." तिचा नातू शिकायला बाहेर गेला आणि त्याचा कॉम्प्युटर मागे राहिला. धूळ पुसता पुसता तिने तो सुरू केला. धूळ म्हणजे, उरल्याच्या कारखान्यांकडून वारा आला की आमच्या खिडक्यांवर काळी पूड बसते, रोज पुसावी लागते. तर त्या धुळीतून हा खेळ निघाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही आधी माहीत नव्हतं. या खेळात आपण एक वाटसरू व्हायचं, गावोगाव फिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. समोरचा काही बोलला की खाली तीन-चार उत्तरं लिहून येतात. त्यातलं एक आपण निवडायचं, आणि जे निवडाल तसं पुढचं घडतं. लढायाही असतात, पण लढाई आली की दीदी खटाखट बटणं दाबायची आणि आम्ही चहा ठेवायचो.

दुपारी पोथी ऐकायला बसावं तशा आम्ही बसायचो. कोणाच्या मांडीवर डाळ, कोणाच्या मांडीवर मेथी. उत्तर निवडायची वेळ आली की दीदी सगळी उत्तरं वाचून दाखवायची आणि आम्ही हात वर करायचो. "बहुमत," म्हणायची आणि बटण दाबायची. तिचं मत वेगळं असलं तरी. आणि एकदा दाबलं की दाबलं. खेळात मागच्या जागेवरून पुन्हा सुरू करायची सोय असते, ती दीदीने कधी वापरली नाही. "घरी भांडण झालं तर मागे जाता येते काय? मग इथे कशाला?"

आणि पारखी किती! एक खेळ तर तिने दोन दिवसांत बंद केला. आम्ही म्हटलं, "काहून व? चांगला तर होता, ड्रॅगन होता."

"सगळे एकाच तोंडाने बोलतात," ती म्हणाली. "राजा तसाच, न्हावी तसाच. आल्या आल्या म्हणतात, जग वाचव. अरे, पण एकाच्याही घरी चूल नाही. काय वाचवू?"

मग नदीचा खेळ मिळाला आणि ती खुलली. त्यात एक शिपाई होता, त्याचं म्हणणं एवढंच की जरा माझ्या जागी उभा राहा, मी जेवून येतो. एक दुकानवाली होती, तिला गुडघ्याचं विचारलं की भाव कमी करायची. "हे लिहिणाऱ्याला माणसं माहीत आहेत," दीदी म्हणायची. कधी मध्येच थांबायची, "हं, हे दुसऱ्याने लिहिलं. पाहा, दुकानवाली आज गुडघा विसरली." पाहिलंय कधी तुम्ही असं ऐकणारं माणूस? मी तर डाळीतले खडे विसरून तिच्याकडे बघत बसायची.

आमच्यात सगळ्यात पुढे बसायच्या शेवंता मावशी. ऐंशीच्या पुढच्या, कानाने जवळजवळ गेलेल्या. मागच्या गल्लीत एका खोलीत भाड्याने एकट्या राहायच्या. नवरा उरल्याला रोलिंग मिलमध्ये होता, तो गेला. एकच मुलगा, तो हैदराबादला. मावशींना फोनवरचं काही ऐकू यायचं नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच कळायचं. म्हणून रविवारी त्या फोन घेऊन दीदीकडे यायच्या. मुलाचा फोन दीदी ऐकायची आणि मावशींच्या कानात सांगायची. आम्ही असलो तर आम्हालाही ऐकू जायचं.

"म्हणतो, गुडघ्याला तेल लावून राहिली का?"

"लावते म्हणा त्याले!"

"म्हणतो, खोटं. आवाजावरून कळते, लावलं नाही."

मावशी असल्या लाजायच्या, जसं काही पोट्टा समोर उभा आहे. "लय चावट आहे तो," आम्हाला सांगायच्या. खरंच चावट होता. कधी भाजीत मीठ जास्त टाकतेस म्हणून चिडवायचा, कधी रुसायचा, कधी आईकडे लोणचं मागायचा. मला तर तो ओळखीचा वाटायला लागला होता.

आता नदीच्या खेळातलं सांगते. नदीकाठी एक म्हातारी होती. एक झोपडी, एक शेळी. मुलगा दूर किल्ल्यावर शिपाई. तिने आपल्याला, म्हणजे वाटसरूला, लोकरीची टोपी दिली. त्याला दे म्हणाली. आम्ही किल्ला गाठला. मुलाने टोपी घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाला, तिला सांग, मला आता आई नाही. इकडे येऊ नको म्हणावं.

परत आलो तर म्हातारी दारातच. काय म्हणाला? खाली तीन उत्तरं आली. खरं सांगायचं, भेट झाली नाही म्हणायचं, किंवा म्हणायचं की तो तुझी फार आठवण काढतो.

"सांगू नको व!" दीदीने कानात ओरडून सांगताच शेवंता मावशीच सगळ्यात आधी ओरडल्या. "म्हातारीचं काळीज फुटन! आठवण काढते म्हण."

सगळ्यांचे हात वर. माझाही. दीदीचा हात माउसवर तसाच राहिला. "नक्की?" तिने विचारलं. असं ती कधी विचारत नसे. मग तिने दाबलं. म्हातारी इतकी खूश झाली की तिने आपल्याला शेळीचं दूध प्यायला दिलं. आम्हीही खूश. भली बाई झाल्याचा आनंद, दुसरं काय.

बऱ्याच दिवसांनी खेळात फिरत फिरत पुन्हा त्या गावी आलो. झोपडीला बाहेरून कडी. शेळी शेजारच्याच्या दावणीला. शेजारी म्हणाला, विकली तिने मला. मुलगा इतकी आठवण काढतो म्हणून निघाली किल्ल्याकडे. बर्फ पडायच्या आधी निघाली. त्यानंतर काही कळलं नाही.

बस, एवढंच. तुम्ही खोटं बोललात, असं कोणी म्हटलं नाही. शेजारी पुन्हा शेळीला पाला घालायला लागला. दीदीने त्याला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं, तो तेच सांगत राहिला.

"कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

"लिहिणारा हुशार आहे, वहिनी," दीदी म्हणाली. "रागावला असता तर आपण त्याच्याशी भांडलो असतो."

मावशींच्या कानात सगळं उशिरा पोहोचलं. त्या आमच्याकडे वळल्या. "मग आपण काहून सांगतलं तिले तसं?" एकीने म्हटलं, दीदी, या वेळी तरी मागे जा, खरं सांगून टाकू. दीदीने मान हलवली आणि कॉम्प्युटर बंद केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेवंता मावशी माझ्या दारात. हातात लोणच्याची बरणी. "ठेव तुले. मी चालली पोट्ट्याकडे, कायमची." घरमालकाला सांगून झालं होतं, महिनाअखेर खोली सोडते म्हणून. खाट देऊन टाकली होती. "इतका जीव लावते तो, इतकं विचारते. मी इथे काहून पडून राहू? सांगत नाही त्याले. एकदम जाऊन उभी राहते."

मी आनंदाने धावत दीदीकडे गेले. दीदी कणीक मळत होती. ऐकलं, आणि हात परातीतच राहिले.

"वहिनी, दार लोटून घे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. मुलगा फोन करायचा, विचारायचा, "सब ठीक है ना?" दीदी म्हणायची, हो. तो म्हणायचा, "ठीक है, रखता हूँ।" एवढंच. दर रविवारी एवढंच. पुढचं सगळं दीदी बंद फोन कानाला धरून बोलायची.

"पहिल्या वेळी मावशी माझ्या तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या. मी म्हटलं, म्हणतो जेवलीस का. एवढंच जोडलं, देवाशप्पथ. पण मावशींनी उत्तर दिलं ना त्याला. मग पुढच्या रविवारी त्या उत्तराचं उत्तर नको का?" ती भिंतीकडे पाहून बोलत होती. "मग त्याला चावट केलं. नुसता गोड असता तर मावशींना शंका आली असती. म्हणून कधी रुसवलं, मिठावरून भांडवलं. वाईट जमलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं, वहिनी. मी चांगलं जमवलं."

मी म्हटलं, "मुलालाच सांग की, बोलाव आईला." तिने माझ्यासमोरच फोन लावला आणि मी पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. थकलेला होता. वाईट माणसाचा नव्हता. "दीदी, आप ही समझा दो ना। एक कमरा है, चार लोग हैं।" मागे एक लहान मूल रडत होतं.

दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. मी म्हटलं, काहीतरी सांगू, त्याची बदली झाली म्हणू, घर लहान आहे म्हणू. "म्हणजे आणखी एक लिहू?" ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मावशींच्या खोलीवर गेली. मला सोबत नेलं. खाट नव्हतीच, जमिनीवर बसलो. गाठोडी बांधून ठेवलेली. दीदीने मावशींच्या कानाशी तोंड नेलं. असल्या गोष्टी हळू सांगायच्या असतात, पण मावशींना हळू ऐकू येत नाही. ओरडूनच सांगावं लागलं, आणि ते गल्लीभर ऐकू गेलं.

मावशी म्हणाल्या, "तेलाचं कोण म्हटलं होतं?"

"मी, मावशी."

"आणि मिठाचं?"

"मी."

"लोणचं?"

"तेही मीच."

"मग त्यानं काय म्हटलं?"

दीदी रडायला लागली होती. "ठीक आहे म्हटलं. फोन ठेवतो म्हटलं."

"हव," मावशी म्हणाल्या. उठल्या, आणि एक गाठोडं सोडायला लागल्या. गाठ घट्ट होती. दीदीने हात पुढे केला तर मावशींनी तो बाजूला केला. ढकलला नाही, नुसता बाजूला केला.

खोली राहिली, घरमालक भला माणूस. खाट परत आली. मी बरणी परत नेऊन दिली. पण मावशी दीदीच्या दारात पुन्हा आल्या नाहीत. रविवारी त्या आपल्या पायरीवर बसून फोन स्वतःच्याच कानाला लावायच्या. ऐकू तर काही यायचं नाही. थोडा वेळ "हव, हव" करायच्या, मग फोन खाली ठेवायच्या. दीदी खिडकीतून बघायची. मी तिला म्हटलं, तू खोली वाचवलीस त्यांची. ती म्हणाली, "आणि पोट्टा नेला."

दुपारी आम्ही जायचो अजून. पण ती आता शब्दाला शब्द वाचायची. पहारेकरी म्हणायचा, "तू येथे का आला आहेस?" आम्ही हळूहळू कमी झालो. मीही कमी झाले, खोटं कशाला बोलू. एकदा तिला म्हटलं, "जरा आपल्यासारखं बोलव ना त्याला." तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं. "लिहिलं आहे तेवढंच, वहिनी."

मग तिची लेक तिला आपल्याकडे बिलासपूरला घेऊन गेली. निघताना तिने मागच्या गल्लीकडे पाहिलं. मावशींचं दार उघडं होतं, पण त्या बाहेर आल्या नाहीत. गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "आई, चलें?" तिने मान हलवली आणि काच वर केली.

पुढच्या रविवारी मावशी फोन घेऊन माझ्याकडे आल्या. "तू सांग काय म्हणते तो. तुले काही बनवता येत नाही, म्हणून आली." टोमणाच होता, पण खरा होता.

तेव्हापासून दर रविवारी मी ऐकते. तो विचारतो, सब ठीक है ना? मी हो म्हणते. तो म्हणतो, ठीक है, रखता हूँ. मी मावशींच्या कानात ओरडते, "ठीक आहे म्हणतो." फोन बंद झालेला असतो. मावशी कान तसाच पुढे करून बसून राहतात, आणि मी शेजारी बसते, तोंड मिटून.