बोट चमकावं, भिजू नये

आमच्या सिमेंटच्या कारखान्यात धूळ कुठे नव्हती ते विचारा. जेवणाच्या डब्यात होती, कानात होती, मॅनेजरसाहेबांच्या चहातही होती. फक्त साहेब ती साखर समजून पीत. अशा ठिकाणी पहारेकऱ्यांच्या कमरेला पिस्तुलं लटकवायची आणि वेळेला ती चालतील याची हमी द्यायची, हे काम ज्याच्या गळ्यात पडलं होतं, त्याला सगळे चिंधीमास्तर म्हणत. कारण त्याच्या खिशातून जुन्या बनियनचं फडकं कायम लोंबत असे आणि समोर दिसेल ते तो पुसत असे. एकदा मॅनेजरची बोलणी खाता खाता त्यानं त्यांच्याच टेबलावरची घंटी पुसून लख्ख केली होती.

मी तिथला स्टोअरकीपर. त्याची हत्यारांची खोली आणि माझं स्टोअर यांच्यामध्ये फक्त एक जाळी होती. त्या जाळीतून आम्ही रोज भांडायचो. भांडण झालं नाही तर दुपारचं जेवण अंगी लागत नसे. मी जात्याच तापट आणि तो थंड डोक्याचा, त्यामुळे भांडणं टिकाऊ होत.

आधी पहारेकऱ्यांकडे दुनळी बंदुका होत्या. त्यांचं काही अडत नसे, कारण त्या कुणी कधी उडवल्याच नव्हत्या. मग कंपनीनं नवी पिस्तुलं आणली, आपोआप गोळी भरून घेणारी. त्यांच्यात वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, दर गोळीला मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवी गोळी आत ढकलतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. सरकणारी वस्तू म्हटली की तिला तेल आलंच. प्रश्न एवढाच होता की कोणतं, आणि किती.

वर्कशॉपचा फोरमन म्हणाला, ट्रकला घालतो तेच घाल. मॅनेजर म्हणाले, स्वस्त असेल ते घाल. मास्तरानं दोघांनाही "हो" म्हटलं आणि स्वतःच्या मनाचं केलं. भंगारातल्या लोखंडी पट्ट्या घासून गुळगुळीत केल्या. एकीला इंजिनाचं तेल लावलं, एकीला गंज काढायचा फवारा मारला, एकीला शिलाई मशीनचं पातळ तेल आणि एकीला ग्रीसचा नुसता पुसट हात. सगळ्या पट्ट्या त्यानं नेऊन ठेवल्या त्या पोती भरायच्या शेडच्या खिडकीत, जिथे भर दुपारी समोरचा माणूस दिसत नसे. मी म्हटलं, "हे काय, वाळवणं घातलीस?" तो म्हणाला, "चाखायला तुलाच बोलावणार आहे."

शिलाई मशीनचं तेल त्यानं धाकट्या बहिणीकडून आणलं होतं. ती कारखान्याच्या वसाहतीतच राहायची आणि शाळांचे गणवेश शिवायची. मशीन त्यांच्या आईचं. आईनं त्याच मशीनवर दोघांना वाढवलं आणि जाताना मुलीच्या पदरात मशीन टाकून एकच सांगितलं, की घरातल्या माणसाला जेवण आणि यंत्राला तेल कधी चुकवू नकोस. मास्तर तिच्याकडे जाऊन म्हणाला होता, "छोटी, थोडं तेल दे गं, पिस्तुलासाठी हवंय." तिनं बाटलीच पुढे केली. मीच सोबत होतो, म्हणून सांगतो.

आठवडाभरानं पट्ट्या पाहिल्या. इंजिनाच्या तेलाचा काळा चिखल झाला होता, फवारा तर उडूनच गेला होता. शिलाईचं तेल सगळीकडे पसरलं होतं आणि त्यात सिमेंट बसून घट्ट खळ तयार झाली होती. पट्टीवर पट्टी सरकवली तर ती अर्ध्यावर चिकटून बसली. ग्रीसच्या पट्टीवरची धूळ मात्र फुंकरीनं उडाली. त्या दिवसापासून नियम ठरला. स्लाइडच्या खाचांना ग्रीसचा हात, तोही असा की त्यावरून बोट फिरवलं तर बोट चमकावं, भिजू नये. बाकी पिस्तूल कोरडं. खाचा सोडून कुठेही थेंब दिसला की मास्तर चिंधी काढायचाच.

पहारेकऱ्यांना हे अजिबात पटलं नाही. आपल्या माणसांचं डोकंच असं, यंत्र म्हणजे तेलानं निथळलं पाहिजे. सगळ्यांत मोठी कुरकुर त्याच्या बहिणीच्या नवऱ्याची. तो मुख्य गेटवरचा पहारेकरी, गडगडाटी हसणारा उंचापुरा माणूस. मास्तर त्याला भावोजी म्हणायचा, म्हणून सगळा कारखानाच त्याला भावोजी म्हणू लागला. "मेव्हणे," तो जाळीपाशी येऊन ओरडायचा, "तेल काय तुमच्या खिशातून जातं? हत्यार बघा कसं खरखरतंय! घरी बायको म्हणते, तुमचा मेव्हणा आमच्या पिस्तुलालाही उपाशी ठेवतो." आम्ही हसायचो. मास्तरही हसायचा आणि ग्रीसचा तोच पुसट हात लावून पिस्तूल परत द्यायचा.

भावोजींची ड्युटी पहाटे लागे, म्हणून पिस्तूल घरी न्यायची त्यांना मुभा होती. काही महिन्यांनी मास्तराच्या लक्षात आलं की महिन्याच्या तपासणीला भावोजींचं पिस्तूल ओलं येतं. पहिल्यांदा त्यानं निमूट पुसलं. पुन्हा तेच झालं तेव्हा सगळ्यांसमोर झाडलं. "माणूस आहात की तेलाची घाणी? एक दिवस हे तुमच्या हातात आडवं पडेल, तेव्हा कळेल!" भावोजींनी कान पकडले. "चुकलं, मेव्हणे. हात सैल सुटला." एरवी एकाचे दोन ऐकवणारा तो माणूस त्या दिवशी खाली मान घालून उभा राहिला. मला तेव्हाच काहीतरी वेगळं वाटायला हवं होतं, पण दुसऱ्याची फजिती बघताना माझं डोकं फार चालत नाही.

पगाराच्या दिवशी गेटवर जीप आली. पगाराची पेटी नुकतीच आत गेली होती आणि जीपमधले चौघे दरोडेखोर तिच्यामागोमाग निघाले होते. भावोजी आडवे आले. त्यांची पहिली गोळी सुटली, जीपची काच फुटली. दुसरी सुटलीच नाही. बाहेर थांबलेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं, की ते जागचे हलले नाहीत. स्लाइड अर्ध्यावर अडकली होती आणि ते तळहातानं तिला पुढे ढकलत होते. ढकलत असतानाच त्यांना गोळी लागली. पेटी गेली ती गेलीच. आम्ही पोचलो तेव्हा पिस्तूल त्यांच्या हातातच होतं. मास्तरानं त्यांच्या तोंडावरची धूळ पुसली, आणि पुसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर ते पिस्तूल घेऊन हत्यारांच्या खोलीत आला. उघडून दाखव म्हणाला. पंच म्हणून मला बसवलं. मास्तरानं मॅगझिन काढलं, स्लाइड जोर लावून मागे ओढली, अर्धवट शिरलेली गोळी बाहेर काढली आणि स्लाइड उतरवली. आत सगळीकडे ती खळ होती. करडी, चिकट, हुबेहूब खिडकीतल्या पट्टीवरची. त्यानं स्लाइड नाकाशी नेली आणि तिथेच थांबला. तो वास मलाही आला. शिलाई मशीनचं तेल ज्याच्या घरात असतं त्याला तो वास सांगावा लागत नाही. मग मला दुसरं दिसलं. खाचेच्या टोकाला, त्या चिखलात, एक हिरवा दोरा अडकला होता. त्या वर्षी वसाहतीतल्या शाळेचे गणवेश हिरवे होते.

इन्स्पेक्टर खिडकीशी फोनवर बोलत होता. मास्तरानं चिमट्यानं दोरा उचलला, चिंधीत गुंडाळला आणि चिंधी खिशात घातली. मी बघत होतो हे त्याला ठाऊक होतं.

"काय झालंय?" इन्स्पेक्टर वळून म्हणाला.

"चुकीचं तेल," मास्तर म्हणाला. "ग्रीस संपलं होतं. मीच हाताला आलं ते तेल भरलं."

त्याच्या डोक्यामागच्या फळीवर ग्रीसचा डबा होता. त्याच आठवड्यात मी स्वतः दिलेला, काठोकाठ भरलेला. मी तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि इतकी वर्षं त्याच्याशी भांडलेला मी त्या नजरेपुढे गप्प बसलो.

संध्याकाळी सायकलस्टँडवर मात्र त्याला धरलं. "अक्कल गहाण ठेवलीस का? तुरुंगात घालतील तुला! मेलेल्या माणसाच्या नावावर ढकलायचं, त्याला काय फरक पडणार आहे?"

"त्याच्यावर ढकललं तर ती म्हणेल, त्यांनी नाही, तेल मी घालत होते," तो म्हणाला. "तो सगळ्यांसमोर माझ्या शिव्या खात उभा राहिला, पण बायकोचं नाव सांगितलं नाही त्यानं. मी सांगू?"

"अरे पण ती तुझं तोंड बघणार नाही जन्मात!"

"न बघू दे. भावानं नवरा मारला असं समजून ती जगेल. रागाच्या बळावर दोन्ही मुली मोठ्या करेल. आपल्या हातानं मारला असं कळलं, तर घरातल्या पंख्याला..." पुढचं त्यानं गिळलं. मग म्हणाला, "आणि तेल मागायला तिच्या दारात मीच गेलो होतो. पिस्तुलासाठी हवंय म्हणालो. हे चालत नाही, एवढं सांगायला परत गेलो नाही. तेव्हा अगदीच खोटं बोललोय असं नाही."

तुरुंग झाला नाही. पण नोकरी गेली, हत्यारांना हात लावायचा परवाना गेला, आणि बाजारातून जाताना माणसं त्याच्याकडे बोट दाखवू लागली. कारखान्यालाही सोयीचं झालं आणि पोलिसांनाही. चोर सापडले नाहीत तरी दोषी सापडला होता. बहिणीनं दार लावून घेतलं. तो पहिल्यांदा गेला तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "दादा, तू आत आलास तर मी बाहेर जाईन." तो परत फिरला. त्यानंतर तिच्या तोंडी त्याचं नाव आलं नाही. लोकांत त्याच्याबद्दल बोलायची वेळ आलीच तर ती "तो माणूस" म्हणे.

त्यानं बाजाराच्या मागे शिलाई मशीन दुरुस्तीचं एवढंसं दुकान टाकलं. वर्षातून एकदोनदा तिथे आईचं मशीन यायचं. छोटीची शेजारीण आणून द्यायची, कुठे दुरुस्त होतं ते तिला न सांगता. ते आलं की मास्तर बाकी सगळी कामं बाजूला सारायचा. पट्टा बदलायचा, सुई बघायची, चाक फिरवून कान लावून बसायचं. आणि तेल मात्र असं भरपूर घालायचा की मी म्हणायचो, "का रे, इथे बोट भिजलं तर चालतं?" तो म्हणायचा, "इथे चालतं." मुली त्याच मशीनवर मोठ्या झाल्या, शिकल्या, एकीचं लग्नही झालं. मास्तरानं ते रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. मी चिडून म्हणायचो, आता तरी सांग. तो माझ्या सायकलची घंटी पुसायला लागायचा.

शेवटी सिमेंटनं त्याच्या छातीत घर केलंच. हॉस्पिटलात ठेवला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मी तडक वसाहतीत गेलो. छोटीचे केस पांढरे झाले होते. "येत असलीस तर आत्ता ये," एवढंच म्हणालो. जास्त बोललो असतो तर सगळंच बोललो असतो. ती बराच वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली, मग उठली आणि चपला घातल्या.

कॉटजवळ स्टूल होतं, पण ती बसली नाही. मास्तराचे डोळे तिच्यावर होते. नाकात नळी, उशाशी घडी घातलेली चिंधी.

"दादा," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तिनं त्याला दादा म्हटलं. "मी तुला माफ केलं. मुलींना पण सांगितलंय. मनात काही ठेवू नकोस."

त्यानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला त्याचा राग आला. माफ केलं म्हणे! मी कॉटची दांडी घट्ट धरली.

मग ती स्टुलावर टेकली आणि रडायला लागली. "पण एक मला कधी कळलं नाही रे. तुझ्याच्यानं नीट तेल घालवत नव्हतं, तर मला सांगायचंस. मी दर सुट्टीला घालत होते की. ते झोपले की हळूच काढायचे आणि आपल्या बाटलीतलं घालायचे, अगदी आतपर्यंत. तूच नेलं होतंस ना ते पिस्तुलासाठी, म्हणून तेच घालायचे. ते म्हणायचे, कुणाला बोलू नकोस, हसतील मला. मी माझ्याकडून काही कमी केलं नाही रे दादा. एक आठवडा चुकवला नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं नाकातली नळी बाजूला केली, श्वास गोळा केला आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"चांगलं केलंस, छोटी," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा तूच त्याची काळजी घेतलीस."

तिनं उशाजवळची चिंधी उचलली आणि त्याचे डोळे पुसले.