पळीभर गंगा

निजामाच्या अखेरच्या वर्षांत नांदेडात हैजा पसरला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं, पाणी उकळूनच प्या. आईनं ते मनावर घेतलं. ओल्या लाकडांच्या धुरात डोळे चोळत ती हंडाभर पाणी खळखळ उकळायची. पण ते निवलं की म्हणायची, “असलं मेलेलं पाणी लेकरांच्या पोटात कसं घालू?” मग देवापुढच्या तांब्यातली पळीभर गंगा त्यात सोडायची. गंगा म्हणजे आमची गोदावरी. रोज सकाळी घाटावरून ताजी आणलेली.

पुढं मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. हैज्याचे जंतू उकळीत मरतात, गार पाण्यात तग धरतात, आणि जठरातल्या आम्लातून थोडे जरी निसटले तरी आतड्यात बेसुमार वाढतात. दरवर्षी हे फळ्यावर लिहिताना मला संताप यायचा. कुणावर, ते कळायचं नाही. आईला हे सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

त्या साथीत धाकटी बहीण एका दिवसात सुकून गेली. शेवटी आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रीतीप्रमाणं तोंडात गंगा घातली. त्याच तांब्यातली, त्याच पळीनं.