एकट्याचं भरीत

जळगावात सकाळी सात वाजता अकरा दुकानं एकदम बोलायला लागतात आणि ती सगळी एकाच माणसाच्या अंगठ्यानं बोलतात. पिठाची गिरणी म्हणते, 'शुभ सकाळ! गव्हासोबत चिंताही दळून घ्या.' पॅथॉलॉजी लॅब म्हणते, 'रक्त तुमचं, काळजी आमची.' चष्म्याचं दुकान म्हणतं, 'आमच्याकडे पाहा, मग सगळंच नीट दिसेल.' शिरपूरच्या वर सातपुड्यातल्या पाड्यांवर शाळेची दप्तरं वाटणारी एक संस्था आहे, ती जरा गंभीर आवाजात 'सुप्रभात' म्हणते. कारण देणगी मागणाऱ्यानं सकाळी सकाळी फार उड्या मारू नयेत, असं या अंगठ्याच्या मालकाचं मत आहे.

हा मालक म्हणजे प्रशील अहिरे. वय सेहेचाळीस, पोट बेताचं, चष्मा त्याच वरच्या दुकानातला. पूर्वी तो वाढदिवसाचे फ्लेक्स करायचा. भावी नगरसेवकांचे गाल उजळ करण्यात आणि त्यांच्यामागं वाघ उभा करण्यात त्याचा हात धरणारा खानदेशात कोणी नव्हता. पुढं वाघ मोबाईलमध्ये गेले, तेव्हा प्रशीलही त्यांच्यामागं गेला. रिंगरोडवरच्या एका खोलीवर त्यानं 'ब्रँडिंग व डिजिटल मार्केटिंग' अशी पाटी लावली. खालचा चहावाला अजून तिला 'बँडवाल्यांचं ऑफिस' म्हणतो आणि लग्नसराईत दोन-चार वरबाप खरोखर जिना चढून येतात.

दिवसभर प्रशील अकरा तोंडांनी बोलायचा. गिऱ्हाइकांना हसवायचा, रागावलेल्यांची समजूत घालायचा. कोणी लॅबच्या पेजवर 'तुमची सुई फार दुखते' लिहिलं, की 'क्षमस्व, पुढच्या वेळी गोष्ट सांगत टोचू' असं उत्तर द्यायचा. संध्याकाळी घरी जाऊन कुलूप उघडलं, की मात्र त्याच्या स्वतःच्या तोंडाला काही काम नसायचं. दूधवाल्याशी दोन वाक्यं झाली तर झाली.

तसं त्याला रीतसर कुटुंब होतं. पाच वर्षांपूर्वी मुलगी क्लाससाठी पुण्याला गेली, तिच्या खाण्यापिण्याचे हाल नकोत म्हणून बायको मृणालीही गेली. 'दोन वर्षांचा तर प्रश्न आहे,' असं सगळेच म्हणाले. दोन वर्षं झाली, मुलगी तिथंच फिजिओथेरपीला लागली. मृणालीनं वेळ जाईना म्हणून एका शाळेत नोकरी धरली. भीमजयंतीला आणि दिवाळीला दोघी यायच्या, घर चार दिवस घमघमायचं आणि मग पुन्हा खासगी बसच्या थांब्यावर हात हलवणं. विधुराची लोक विचारपूस करतात, घटस्फोटिताची निदान चर्चा करतात. ज्याचं कुटुंब क्लासला गेलंय, त्याला कोणत्या खात्यात टाकावं हे अजून समाजानं ठरवलेलं नाही. पण मुलीचं शेवटचं वर्ष येत्या मे महिन्यात संपत होतं आणि मृणाली कायमची परत येणार होती. या मे महिन्यावर प्रशील जगत होता. त्यानं त्या आशेवर तीन खोल्यांचं भाड्याचं घर तसंच ठेवलं होतं. मुलीच्या खोलीतला पंखासुद्धा तो दर रविवारी पुसायचा.

आता भरताचं सांगतो.

थंडी पडली की खानदेशात माणसं भरीत खातात, म्हणजे भरताच्या पार्ट्या करतात. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर कुटायची, कांद्याची पात घालायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर शेतात नाहीतर गच्चीवर पंगत मांडायची. एकट्यानं भरीत खाणं म्हणजे एकट्यानं वरात काढण्यासारखं. रुपचंद भोळे यांच्या भरीत सेंटरवर तर नियमच होता: किलोच्या खाली मिळणार नाही. रुपचंदभाऊ प्रशीलचे अकरावे गिऱ्हाईक. प्रशील रोज त्यांच्या वाफाळत्या परातीचे फोटो टाकायचा आणि घरी येऊन खिचडी लावायचा. किलोभर भरीत घेतलं असतं तर त्याला ते तीन दिवस पुरलं असतं, आणि तिसऱ्या दिवशीचं भरीत माणसाचा आयुष्यावरचा विश्वास उडवतं.

शेवटी त्यानं धीर करून सुचवलं. "रुपचंदभाऊ, पाव किलोचा डबा काढू. दोन भाकरी, ठेचा, पात. नाव ठेवू 'एकट्याचं भरीत'."

रुपचंदभाऊंनी बडगीतलं मुसळ थांबवलं. "एकटा मानूस भरीत खातो का रे?"

"खातील."

"कोन खाईन?"

"असतात लोक."

"नाव सांग एकाचं."

प्रशीलनं नाव सांगितलं नाही. 'मार्केटमध्ये गॅप आहे' असं काहीतरी बोलला. रुपचंदभाऊंना गॅप समजली नाही, पण हा पोरगा आपलं वाईट करणार नाही एवढं समजलं. फक्त एक अट त्यांनी घातली. त्यांच्या प्रत्येक जाहिरातीत वर झेंडूचं तोरण असायचं, ते इथंही पाहिजे. तोरणाशिवाय धंद्याला बरकत नाही.

आता एकटा जेवणारा माणूस फोटोसाठी हवा होता. कॉलेजातल्या एकाला बोलावलं, तर तो तीन मित्र घेऊन आला. रुपचंदभाऊंचे मेव्हणे तयार झाले, पण त्यांच्या बायकोनं "मी काय मेली हाये का?" विचारून त्यांना ताटावरून उठवलं. शेवटी प्रशीलनंच पांढरा शर्ट घातला, पुढ्यात ताट घेतलं, मोबाईलला टायमर लावला आणि कॅमेऱ्याकडं पाहून मंद हसला. फोटो उंची वाटावा म्हणून मागं सगळं काळं केलं. वर तोरण घातलं. खाली लिहिलं, 'आता एकटे? आम्ही आहोत सोबत.' आणि सकाळी सातला पोस्ट टाकून तो आंघोळीला गेला.

वाचकहो, काळी पार्श्वभूमी, पांढरा शर्ट, मंद हसू आणि वर झेंडूची फुलं. महाराष्ट्रात असा फोटो माणसाच्या वाट्याला एकदाच येतो आणि तो पाहायला तो स्वतः नसतो.

आंघोळ करून आला तेव्हा पोस्टखाली एकशे चाळीस जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून हात जोडले होते. भरताचं ताट कोणी पाहिलंच नव्हतं. आपल्याकडे फोटो गळ्यापर्यंतच पाहतात. चष्मेवाल्यानं 'मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपलं' असं लिहिलं होतं. दुकानाच्या पेजचा पासवर्ड आता कोणाकडे मागायचा, ही काळजी त्यात नीट झाकलेली होती. एवढ्यात भडगावहून मामा, आधार आबा, यांचा फोन आला.

"हॅलो, कोन बोलस?"

"मी प्रशील. जय भीम, आबा."

"जय भीम. कव्हय झायं?"

"काय कधी झालं?"

"प्रशीलनं मरन. आत्तेच मोबाईलमा फोटो देखा."

"आबा, मीच प्रशील बोलतोय."

"हा, तूच ना. मंग तुलेच माहीत ऱ्हाईन. माटी कितला वाजता शे?"

"आबा, मी जिवंत आहे! ती भरताची जाहिरात आहे."

मग आबांचा आवाज खाली उतरला. "जित्ता शे ना? बरं झायं. पन तू एकटाच का बरं जेवी ऱ्हायना भो? सूनबाई कोठे शे?"

"पुण्यात. मे महिन्यात येणार आहे."

दुपारपर्यंत प्रशील सगळ्यांसाठी जिवंत झाला. लोकांनी हसून हसून पोट धरलं, श्रद्धांजल्या पुसल्या गेल्या. पण आता त्यांनी खालची ओळ वाचली होती. मेलेला माणूस परत आला तर गाव विसरतं, बायको गेलेला माणूस गाव विसरत नाही. संध्याकाळी शेजारच्या सविताताई वाटीभर मेथीची भाजी घेऊन आल्या. पाच वर्षांत त्या पहिल्यांदा आल्या होत्या. वाटी देताना इतक्या हळू बोलल्या, की प्रशीलला आपण घरातच आजारी पडलेलो आहोत असं वाटलं.

त्यांची पाठ वळते न वळते तोच मृणालीचा फोन.

"तू गेलास म्हणून फोन आले सकाळी. फोन करणाऱ्यांतल्या दोघी तर रडत होत्या. मी खालचं ताट पाहिलं, जाहिरात आहे ते कळलं; तुला लावायचं सोडून आधी त्यांनाच गप्प करत बसले."

"अगं, ते तोरण रुपचंदभाऊंचं..."

"तोरणाचं सोड. दुपारनंतर वेगळे फोन येतायत. मी तुला कधी सोडलं, असं विचारतायत."

"जाहिरात आहे ती. जाहिरातीत कोणी खरं बोलतं का?"

"तेच म्हणते मी. तुझ्या गिरणीची जाहिरात आजवर कुणालाही खरी वाटली नाही. हीच कशी सगळ्यांना खरी वाटली?"

अकरा दुकानांच्या वतीनं हजरजबाबी असणाऱ्या या माणसानं चष्मा काढून शर्टाला पुसला.

"तू जेवतोस कुठं, प्रशील?"

"मेस लावलीय की."

"मेसवाल्या काकूंचा नंबर दे."

"मेस बंद झाली."

"कधी?"

"झाले थोडे दिवस."

"किती?"

"तीन वर्षं."

त्या मेसचं पेजही त्यानंच चालवलं होतं. 'आईच्या हातची चव' असं लिहायचा.

"काढतो तो फोटो," तो म्हणाला.

"राहू दे. चांगला आलायस त्यात." मागं कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी गॅस बारीक केला. "मला एक सांगायचं होतं. दिवाळीतच सांगणार होते, पण तू मुलीच्या खोलीतला पंखा पुसत होतास, मला धीर झाला नाही. शाळेत मला कायम केलंय. मे महिन्यात मी येत नाहीये."

"अभिनंदन," प्रशील म्हणाला. आणि मग, पेजवर लिहायची सवय म्हणून, पुन्हा एकदा, "हार्दिक अभिनंदन."

"तू इकडं ये ना. तुझं काम काय, मोबाईलवरचं. ते पुण्यातून होणार नाही का?"

होण्यासारखं होतं. पाच वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं. तो जळगावला थांबला होता तो घर राखायला, त्या परत येणार म्हणून. आणि तिला वाटत होतं, याचा जीव जळगावात आहे. पण पुण्यात मायलेकी दोन खोल्यांत राहत होत्या, आणि त्या दोन खोल्यांतही नरडाण्याच्या एक बाई आणि त्यांची मुलगी अर्ध्या वाटणीनं होत्या. आत्ता गॅस बारीक केला तो त्यांनीच. तिथं पुरुष माणसानं झोपायचं कुठं?

"बघू," मृणाली म्हणाली.

"बघू," प्रशील म्हणाला.

संसारात हा शब्द दोघांनी पाठोपाठ उच्चारला, की पुढं बघण्यासारखं काही उरत नाही.

जाहिरात मात्र चालली. इतकी चालली, की रुपचंदभाऊ चक्रावले. फोन एकही येईना, नुसते मेसेज. 'पाव किलो पाठवा. माझ्यासाठी नाही, पाहुणे आलेत, एकच आहेत.' 'आमच्या मिसेस आजच बाहेरगावी गेल्यात.' हे आजच जाणं दर गुरुवारी व्हायचं. एका बाईंनी लिहिलं, 'डबा दारात ठेवा, बेल वाजवू नका, शेजारी विचारतात.' प्रशील सगळ्यांना 'नक्की' म्हणायचा आणि कोणालाच काही विचारायचा नाही.

"अरे बापा, इतके एकटे हायेत गावात?" रुपचंदभाऊ डबे भरता भरता म्हणाले. "मंग सांगत कामून नाही? एक सतरंजी टाकू. बठ्ठे मिळून खातीन!"

रुपचंदभाऊंचं मन मोठं, घरात माणसं सतरा. त्यांना कसं सांगावं, की सतरंजी टाकली तर यातला एकही येणार नाही?

जानेवारी संपताना प्रशीलनं घरमालकाला, जीवराम काकांना, सांगितलं की घर सोडतोय. ऑफिसाच्या मागं एक खोली रिकामी होती, तेवढी पुरे. जीवराम काका फार हळहळले. असा वेळेवर भाडं देणारा, पाणी न सांडणारा भाडेकरू मिळत नाही. मग हळहळून झाल्यावर म्हणाले, "तुझाच धंदा आहे, तूच एक जाहिरात करून दे आता. फोटोबिटो टाक. आणि 'फक्त फॅमिलीसाठी' असं ठळक लिही हं. एकट्यादुकट्याला देत नाही आपण."

"ठळक लिहितो," प्रशील म्हणाला.

सामान टेम्पोत गेल्यावर त्यानं रिकाम्या खोल्यांचे फोटो काढले. जीवराम काका प्रत्येक फोटोत कोपऱ्यात उभे राहात होते, त्यांना तीनदा बाहेर काढावं लागलं. काळं काही केलं नाही, तोरणही घातलं नाही. पोस्ट टाकली आणि तो दाराशी चपला घालत होता तेवढ्यात फोन वाजला. काकांचा नंबर नेहमी लागत नाही म्हणून त्यानं स्वतःचाच दिला होता.

बदली होऊन धुळ्याहून येणारा कोणी गृहस्थ होता. खोल्या किती, पाणी किती वाजता येतं, असं विचारत होता. मागं बायको एकेक प्रश्न सुचवत होती आणि एक पोर रडत होतं.

"तीन खोल्या," प्रशील म्हणाला. "पाणी सकाळी येतं. वहिनींना सांगा, ओट्यासमोर खिडकी आहे, थंडीत नऊपर्यंत तिथं ऊन असतं. भाजी निवडायला बरं पडतं. मागच्या खोलीचं दार जरा उचलून लावावं लागतं, नाहीतर आवाज होतो आणि मूल उठतं. ती खोली अभ्यासाला चांगली. रस्त्याचा आवाज येत नाही. पंखा स्वच्छ आहे."

पलीकडं सगळं बायकोला सांगून झालं. तिला पसंत पडलेलं दिसलं.

"फारच बारीक माहिती आहे हो तुम्हाला," गृहस्थ म्हणाले. "तुम्हीच घरमालक का?"

"नाही."

"मग?"

"मी जाहिरातीचं काम बघतो," प्रशील म्हणाला, आणि त्यानं त्यांना जीवराम काकांचा नंबर दिला.