काकवीचा वास

संयोगिताचं पहिलं मूल माघात झालं आणि अकराव्या दिवशी गेलं. बारसं व्हायचंच होतं, त्यामुळं त्याला नावही नव्हतं. चौथ्या दिवसापासून ते अंगावर ओढेना. मान टाकायचं, मधेच ताठ व्हायचं आणि चिरक्या आवाजात रडायचं. दवाखान्यात आधी कावीळ म्हणाले, मग जंतुसंसर्ग म्हणाले, मग काहीच म्हणाले नाहीत. त्याच्या दुपट्याला काकवीसारखा गोडसर करपट वास यायचा. पण शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव, घरामागंच भावकीतलं गुऱ्हाळ रात्रंदिवस चालू. त्या दिवसांत कशाला तो वास नव्हता? केसांना होता, अंथरुणाला होता. कुणी ध्यान दिलं नाही.

दुसऱ्या वेळी मुलगी झाली, ती श्रावणात. पाचव्या दिवशी सकाळी संयोगितानं लंगोट बदलला आणि ओला लंगोट हातात धरून तशीच बसून राहिली.

"आत्या, ह्याचा वास घ्या जरा."

अंबूबाई तिची सासू आणि बापाची सख्खी बहीणही. आपल्या पोराला, कृष्णातला, मामाचीच पोरगी करायची हे संयोगिता पाळण्यात असतानाच ठरलेलं. त्यामुळं लग्नानंतरही ती सासूला आत्याच म्हणायची.

"काकवीगत येतोय," अंबूबाई म्हणाली. "गुऱ्हाळाचा असंल."

"कुठलं गुऱ्हाळ? दिवाळी झाल्याबिगर चुलाण पेटतंय काय कुठं?"

अंबूबाईनं लंगोट पुन्हा नाकाशी नेला आणि ती ओरडली, "कृष्णा, ट्रॅक्टर काढ!"

ट्रॅक्टरच काढावा लागणार होता. कृष्णेचं पाणी जयसिंगपूरच्या रस्त्यावर चढलं होतं. दोघी ट्रॉलीत बसल्या. रस्त्यावर दोरी बांधून उभ्या असलेल्या पोलिसानं हात आडवा केला.

"मागं फिरा. पुढं वढ हाय पाण्याला."

"साहेब, पोरगी मराय लागलीया," कृष्णात म्हणाला. "एक गेलंय आमचं."

पोलिसानं दोरी सोडली. चाक अर्ध्याहून जास्त बुडालं, ट्रॉलीच्या फळ्यांतून पाणी आत आलं. संयोगिता उभी राहिली, पोरीला छातीशी घट्ट धरून. एवढ्या हादऱ्यांत ती रडली असती तर बरं वाटलं असतं. ती रडत नव्हती. पलीकडं जयसिंगपुरात जीप मिळाली आणि दुपारी ते कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या दवाखान्यात पोहोचले.

तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टर अवंतिका मॅडम नाडी बघायच्या आतच संयोगितानं पिशवीतला लंगोट त्यांच्यापुढं केला. "ह्यो वास पयल्या पोराच्याबी दुपट्याला हुता. ते गेलं, मॅडम."

मॅडमनी वास घेतला. मग बाळाच्या कानातला मळ कापसावर घेऊन त्याचाही घेतला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"शेवटचं दूध कधी पाजलं?"

"जयसिंगपुरात. चमच्यानं, थोडं."

"आता पाजायचं नाही. एक थेंबही नाही."

"माझंच दूध हाय, मॅडम."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि बाळाला घेऊन आत गेल्या.

संध्याकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा तिघंही बाकावर होती. मॅडम संयोगिताशेजारी बसल्या. गळ्यातली काळ्या मण्यांची पोत त्यांनी बोटावर धरली.

"प्रथिन म्हणजे अशी मण्यांची माळ असते. मणी वीस प्रकारचे. कोणत्या मण्यामागं कोणता आला, त्यावर माळ कशी दुमडते ते ठरतं. आणि जसा आकार, तसं तिचं काम. एका माळेचं मांस होतं, एकीचे केस होतात, एक रक्तातून प्राणवायू वाहून नेते. दुधातल्या माळा पोटात तुटतात, मणी सुटे होतात आणि बाळ त्यांतून स्वतःच्या माळा ओवतं. उरलेले मणी मोडायलाही शरीरात वेगळी प्रथिनं असतात. हिच्यात तीन मणी मोडणारं प्रथिन नीट घडलेलंच नसावं. मग ते रक्तात साठतात आणि मेंदूला इजा करतात. तो वास त्यांचाच."

"मग कायबी देऊ नगा तिला," संयोगिता म्हणाली. "उपाशी ऱ्हाऊ दे, पर जगू दे."

"उपाशी ठेवलं तर शरीर स्वतःचंच मांस मोडायला लागतं. त्यातही तेच तीन मणी आहेत."

पोरीनं खाल्लं तरी विष, न खाल्लं तरी विष. आईनं करायचं तरी काय?

"म्हणून सलाईनमधून साखर आणि चरबी चालू केलीय. ताकद त्यातून मिळाली की शरीर मांसाला हात लावत नाही. आणि ते तीन मणी वगळून केलेली एक पावडर असते, ती मुंबईहून मागवलीय."

कृष्णातनं विचारलं, "ह्ये झालं कशानं?"

"प्रत्येक माळ कशी ओवायची ते पेशीत लिहिलेलं असतं, डीएनएवर. एक प्रत आईची, एक बापाची. एक चुकली तर दुसरीवर निभावतं, म्हणून तुम्ही दोघं ठणठणीत. हिला दोन्ही चुकलेल्या मिळाल्या असणार. नात्यातलं लग्न आहे का?"

"मामाची पोरगी हाय."

अंबूबाई इतका वेळ भिंतीकडं तोंड करून बसली होती. ती वळली. "भावाकडनं म्या मागून आणली हिला. म्हंजी दोन्ही लेकरांला म्याच..."

"यात कुणाचा गुन्हा नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. अंबूबाईला ते ऐकू आलं नसावं. तिनं पदर तोंडात कोंबला होता.

रक्ताचे थेंब टिपलेला कागद तपासणीसाठी मुंबईला रवाना झाला आणि दुसऱ्या दिवशी पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं. पावडरीचे डबे कराडच्या अलीकडं कुठंतरी ट्रकात अडकले. कृष्णात दिवसभर फोन करायचा. कधी फोन लागायचा नाही, लागला तर "पाणी उतरू द्या" एवढंच उत्तर. काचेपलीकडं पोरगी डोळे मिटून पडलेली. तिचे पाय सायकल चालवल्यासारखे हवेत फिरायचे, मग थांबायचे. थांबले की संयोगिता काचेला कपाळ टेकवायची.

आणि तिला पान्हा फुटायचा. छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउज भिजायचा. ती बाथरूममध्ये जाऊन बेसिनवर वाकायची, दूध पिळून टाकायची आणि नळ सोडायची. तिसऱ्या दिवशी अंबूबाई मागून आली. सुनेला अडवावं की धरावं हे तिला कळेना. शेवटी तिनं नुसता नळ बंद केला आणि दोघी तिथंच ओल्या फरशीवर बसून रडल्या.

डबे सहाव्या दिवशी आले. अहवालही आला, मॅडमचा अंदाज खरा होता. आठव्या दिवशी पोरीनं डोळे उघडले. तेव्हा मॅडमनी संयोगिताकडं तिचं दूध मागितलं: दहा मिली, सिरिंजनं मोजून. "ते तीन मणी अजिबात नसले तरी अंग वाढत नाही," त्या म्हणाल्या. संयोगिताला हसावं की रडावं कळेना. तिनं दूध काढून दिलं.

पोरीचं नाव मोना ठेवलं. ती आता तीन वर्षांची आहे. डाळ नाही, अंडं नाही, मटण नाही, दूध औषधासारखं मोजून. भात काट्यावर तोलून. भूक भागवायला पाण्यातली साबुदाण्याची खीर. चालायला ती उशिरा शिकली, बोलायला त्याहून उशिरा. दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवला तर तो ते तीन मणी मोडेल आणि तिला सगळ्यांसारखं जेवता येईल, असं मॅडमनी सांगितलंय. कृष्णात लगेच म्हणाला, "माझं काढा, आजच काढा." पण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तिचं वजन आधी दहा किलो हवं. ती नऊवर अडकलीय. वजन वाढायला प्रथिन लागतं आणि तेच तिला तोलून द्यावं लागतं.

गेल्या महिन्यात तिला साधा ताप आला. शेजारच्या पोरांनाही आलेला. ती पोरं दोन दिवसांत अंगणात खेळायला लागली. मोनानं खाणं सोडलं. तापात, उपाशीपोटी शरीर स्वतःला मोडायला लागतं, हे संयोगिताला आता कुणी सांगावं लागत नव्हतं. ती दर दहा मिनिटांनी साखरेचं पाणी पाजत होती आणि पोरगी ते उलटून टाकत होती. दुपारी मोना भिंतीला धरून चालताना झिंगल्यासारखी डुलली. संयोगितानं तिची चड्डी हुंगली आणि तिला उचलून, चप्पल न घालता, भाड्याच्या गाडीत बसली.

चार दिवस सलाईन लावून मोना घरी परत आली. वजन आठ किलो सातशे. आजारापूर्वी तिला चौदा शब्द येत होते, एकेक आठवडा घेऊन शिकलेले. आता एकही येत नव्हता.

"येतील परत?" संयोगितानं मॅडमना फोनवर विचारलं.

"काही येतील," मॅडम म्हणाल्या. "सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाईनं साबुदाणा भिजवला, कृष्णात ट्रॅक्टर घेऊन भाड्यावर गेला. संयोगिता मोनाला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. दारात चिमण्या दाणे टिपत होत्या.

"चिऊ," ती म्हणाली. "म्हण, चिऊ."

मोना तिच्या ओठांकडं बघत होती. संयोगितानं पुन्हा म्हटलं. दहा वाजेपर्यंत ती म्हणत होती, आणि मोना नुसती बघत होती.