न बोललेला नवस

माझी भावजय मंजुश्री पळते. खरं तर एवढ्यातच गोष्ट संपायला हवी होती. पण आमच्या गावानं, माझ्या धाकट्या भावानं आणि सख्ख्या आईनं या साध्या गोष्टीचं जे काय करून ठेवलं, ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं. म्हणून सगळंच सांगते.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडं. गावामागं नागबेट आहे. आमच्याकडं डोंगराला बेट म्हणतात. परसदारातून निघायचं, तळ्याचा बांध धरायचा, मग पळसाच्या रानातून चढ लागतो. अर्ध्यावर एक जुनी बारव आहे, तिच्या पायऱ्यांच्या कडेला दगडात कोरलेले हत्ती. तिच्यापुढं खडकातली लेणी, मग धावड्याची दाट झाडी, आणि अगदी वर निजामाच्याही आधीचा एक बुरूज अन् त्याला लागून महादेवाचं देऊळ. वाटेत मोर आडवे जातात. सीताफळांच्या दिवसांत तर पायाखाली फळं येतात. या वाटेवरून मंजुश्री पळते. मी एकदा तिच्यामागं निघाले होते, बारवेपाशीच बसकण मारली.

ती देगलूरकडची. शाळेत खो-खो खेळायची आणि म्हणे कुणाच्या हाती लागायची नाही. लग्न होऊन आमच्या घरात आली ती सून म्हणून, त्यामुळे पळण्याचा विषयच संपला. ऋतुजा झाली, मग आरती झाली. थोरली आठवीत गेली त्या वर्षी श्रावणी सोमवारी बायका वर देवाला गेल्या होत्या. परतताना बारवेच्या उतारावर मंजुश्री जी सुटली ती थेट तळ्याच्या बांधावर येऊन थांबली. "अक्का, उतारानंच पाय उचलले बघा," ती मला सांगत होती, "आन मग मलाच थांबू वाटंना." दुसऱ्या दिवशी उजाडताना ती एकटीच वर जाऊन आली. पदर खोचलेला, पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट.

दोन-तीन दिवसांतच दूधवाल्या बजरंगानं तिला पाहिलं. आता आमच्या गावात बाई पळते ती दोनच वेळी. कुणी गेलं तर, नाहीतर ती स्वतः विहिरीकडं निघाली तर. बजरंगानं गाडी थांबवली. "काय झालं ओ वहिनी? कोण गेलं?" तिला दम लागलेला. तिनं नुसता हात हलवला, काही नाही म्हणून. त्यानं त्याचा अर्थ घेतला की सगळं संपलं. ती घरी पोचेपर्यंत दारात माणसं जमलेली, गड्यांच्या डोक्यावर टॉवेल, बायकांचे पदर डोळ्याला. माझे वडील, अप्पा, ओट्यावर गालाला साबण लावून दाढी करत बसले होते. "कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं. तुम्हीच, असं सांगायला कुणाची जीभ वळेना.

मला हे फोनवर कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. मी उदगीरला नोकरी करते, तिथं बसून हसायला काय जातंय. पण त्या रात्री घरात जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. माझी आई शरणम्मा, तिला आम्ही अव्वा म्हणतो, तिनं मंजुश्रीला समोर उभं केलं. "बिनाकामाची पळून राहिलीस. लोक म्हणतील सासू मारती हिला, म्हणून पळती."

"अव्वा, सकाळचं समदं करून जाते. मला पळायला आवडतंय."

"आवडतंय?" अव्वानं तो शब्द असा उच्चारला की जणू सुनेनं घरात दारू आणली. नवऱ्याला भाजी आवडते, पोरींना गोड आवडतं, अप्पांना चहा आलं घालून आवडतो. सुनेला काही आवडतं हे त्या घरात पहिल्यांदाच कुणी तोंडानं बोललं होतं. मी माझ्या आईवर जीव टाकते, पण हे लिहिताना मला तिचा राग येतोय आणि तो मी लपवणार नाही.

आता माझा भाऊ. संगमेश्वरचं पेठेत किराणा दुकान आहे. स्वभावानं वाईट नाही, हे सगळेच सांगतात, आणि त्याच्यापाशी एवढंच आहे. आईशी भांडायची छाती नाही, बायकोला अडवायची इच्छा नाही. गिऱ्हाईक रोज खोदून विचारायचं. एके दिवशी साखर तोलता तोलता तो बोलून गेला, "नवस हाय तिचा. म्हादेवाला पळत जायाचा."

झालं. दुसऱ्या दिवसापासून गावाचं तोंड बंद. बंद कसलं, हात जोडायला लागले! बजरंग गाडी कडेला घेऊन वाट द्यायचा. जी बाई कालपर्यंत घराची अब्रू घालवत होती ती आज पुण्यवान झाली. पाय तेच, वाट तीच, बूटसुद्धा तेच. मंजुश्री नवऱ्यावर चिडली, "मी कवा बोलले नवस?" तर हा म्हणतो, "तुला पळायचंय न्हवं? मग गप पळ की." वाट मोकळी झाली होती, ती तिला सोडवेना. ती पुन्हा बूट घालून निघाली.

मग सुरू झाली नारळांची रीघ. जातीसच तर माझा एवढा नारळ फोड. जातीसच तर दिव्याला तेल घाल. बेल ने, अगरबत्ती ने, येताना अंगारा आण. अव्वानं तिला पाठीवर अडकवायला एक पिशवीच शिवून दिली. हत्ती कोरलेल्या पायऱ्यांपाशी पूर्वी ती वेग घ्यायची, तिथं आता पिशवी सावरत चालायला लागली. गावातल्या बायकांना वर जायला रस्ता होता, पाय होते. पण फुकटचा हमाल मिळाल्यावर कोण चढतंय!

आणि जानेवारीतल्या एका रविवारी लातूरहून पळणाऱ्यांचा एक गट आला. झगमगीत बनियनं, भारी बूट, हातावर घड्याळं. त्यांना म्हणे जंगल आणि जुनी वास्तू एकाच वाटेवर असलेला मार्ग हवा होता. त्यांत बायकाही होत्या, अर्ध्या विजारीतल्या. गावानं काय केलं? हलगी लावली. सरपंचांनी हार घातले. त्या बायका पळत गेल्या तेव्हा कुणी विचारलं नाही, कोण गेलं म्हणून. गटातल्या एकानं चौकशी केली, "तुमच्या गावात कुणी पळतं का?" सरपंच म्हणाले, "न्हाई ओ, खेड्यात कुठलं आलंय हे." मंजुश्री तिथंच उभी होती, त्यांना द्यायच्या चहाचा ट्रे हातात धरून.

हे सगळं मला महाशिवरात्रीला माहेरी गेले तेव्हा तिनं सांगितलं. मी म्हटलं, "तू काही बोलली नाहीस?" ती म्हणाली, "पळायला मिळतंय की, अक्का."

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अव्वानं कपाटातून एक लाकडी पाळणा काढला. वीतभर लांबीचा, लाल-हिरवा रंगवलेला, वर चिमुकली घंटा. तो मंजुश्रीच्या पिशवीत ठेवत ती म्हणाली, "उद्या देवळात बांधून ये. शिवरात्रीचा बांधलेला लागू पडतोय. पुढच्या वर्षी नातू खेळंल घरात."

तेव्हा आम्हा दोघींना कळलं की सहा महिने गाव कशाला हात जोडत होतं. दोन पोरींची आई पळतीय, तिचा नवस आणखी कशाचा असणार? सगळं गाव तसंच धरून चाललं होतं. तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

संगमेश्वर नुकताच दुकानातून आला होता. तिनं त्याला विचारलं, "हे तुमी सांगितलंत?"

"मी नुसतं नवस म्हणलो," तो म्हणाला. "कशाचा, ते लोकांनीच ठरवलं."

"मग तुमी न्हाई म्हणलात का?"

तो अव्वाकडं बघायला लागला.

आणि आतल्या दारात ऋतुजा उभी होती. ती कधीची उभी होती कोण जाणे. तिला नवल वाटलं नव्हतं, हे मला आधी दिसलं. ती म्हणाली, "वर्गातल्या पोरी मला लई दिवसापासून म्हणतेत. तुझी आई तुमच्यावर पोरगं पाहिजे म्हणून पळती. मी तुला इचारलं न्हाई, आई. मला वाटलं, खरंच असंल."

सहा महिने त्या पोरीनं हे पोटात ठेवलं होतं. रोज सकाळी आई बूट बांधायची आणि ही अंथरुणात पडून ऐकायची. मी माझ्या भावाला त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही, आणि त्यातलं एक अक्षर मी मागं घेत नाही. अव्वा मात्र म्हणाली, "त्यात वाईट काय म्हणले मी?" तिला खरंच कळत नव्हतं. त्याचाच संताप जास्त होता.

मंजुश्री ओरडली नाही. तिनं ऋतुजाला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "नवस न्हाई. कवाच नव्हता. मला आवडतंय म्हणून पळते. तू आन आरती हायत, मला आणखी काय मागायचं?" मग तिनं पाळणा उचलला, पायात चपला घातल्या आणि पेठेत गेली. मी मागोमाग. दुकानात गिऱ्हाईक होतं. गल्ला सांभाळणाऱ्या नोकराच्या समोर पाळणा ठेवून ती म्हणाली, "हे इकून टाका. आमाला लागत न्हाई." गिऱ्हाइकाच्या हातातली तेलाची पिशवी तशीच राहिली.

सकाळी शिवरात्र. गाव लवकर उठून न्हाऊन-माखून बाहेर पडलेलं. मंजुश्री परसदारानं गेली नाही. पुढच्या दारानं, भर पेठेतून निघाली. पाठीवर पिशवी नाही, हातात नारळ नाही. एका बाजूला आरती, शाळेच्या बुटांत. ऋतुजा तर दोघींच्या पुढं. अव्वा ओट्यावर उभी राहून "अगं, कुठं चाललाव" म्हणत राहिली. कुणी थांबलं नाही.

पळस फुलला होता, मी मागोमाग पेठेत गेले तिथून ते सगळं रान दिसत होतं. दुकानाच्या वळणावर बजरंग दूध घालत होता. पिशवी नाही, नारळ नाही, शिवाय दोन्ही पोरी पळताहेत म्हटल्यावर तो घाबरलाच. कॅन तसाच टाकून रस्त्यात आला. "काय झालं? कोण गेलं?"

मंजुश्री काही बोलायच्या आत ऋतुजानं उत्तर दिलं. वेगसुद्धा कमी केला नाही.

"आमच्या घरचा नवस वारला, काका. रात्रीच."