मामांनी ठेवलेली दुखण्याची नावं

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुठल्याच गोष्टीला तिच्या मूळ नावानं हाक मारली नाही. वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस बजाजनगरात आमच्याच गल्लीत राहायचा. सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणायची. ते मात्र स्कूटरला 'बेगम' म्हणत आणि दुखऱ्या गुडघ्यांना 'थोरली' आणि 'धाकटी'. "जावईबापू, आज थोरली रुसली, बेगमला तुम्हीच किक मारा," असं ते फाटकातून ओरडले की नवे भाडेकरू दचकून खिडकीत यायचे. नाव असं असावं की ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे आणि कुणाला टोचायला नको, हा त्यांचा नियम. त्यातला पहिला भाग त्यांना क्वचितच साधायचा. दुसऱ्यासाठी मात्र ते कुणाशीही भांडत.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत या छंदाला अचानक काम लागलं. फर्दापूरची एक बाई मुलीला आणि शिवणाच्या मशीनला घेऊन गल्लीत राहायला आली होती. येताच दोघींना ताप आला, मग शेजारच्या घरांतही शिरला. विषाणूचा नवा प्रकार आलाय, असं बातम्यांत सांगत होतेच. गल्लीनं त्याचं बारसं करून टाकलं: 'फर्दापुरी करोना'. मायलेकी बऱ्या झाल्या, नाव काही बरं होईना. दूधवाला त्यांच्या दारावरून लांबून वळायचा आणि शिवायला कापड कुणी टाकेना.

मामा खवळले. एकावर एक दोन मास्क बांधून ते घरोघरच्या फाटकाबाहेर उभे राहिले आणि जाहीर करून आले, "आजपासून याचं नाव करोना नंबर दोन!" लोक बिनधास्त मास्क काढून हिंडायला लागले. "दोन नंबरचा म्हंजी नकलीच ना, मामा?" किराणावाल्यानं विचारलं. मामांनी कपाळाला हात लावला आणि नवं नाव काढलं, 'दोडका'. दोडक्याला ना गाव, ना जात, ना धर्म. हे नाव मात्र इतकं चाललं की भाजीवाल्या मावशी टोपली घेऊन भांडायलाच आल्या. "मामा, माझ्या दोडक्याला कुणी हात लावंना! त्यानं तुमचं काय घोडं मारलं व्हतं?" मामांनी अख्खी टोपली विकत घेतली. पुढं कितीतरी दिवस मामी त्यांना दोडक्याची भाजी, दोडक्याच्या शिरांची चटणी आणि अबोला असं तिन्ही वाढत होत्या.

त्याच सुमारास टीव्हीवर कळलं, की परदेशातले लोक या नव्या प्रकाराला आपल्या देशाचं नाव देऊन बोलतात. गल्ली पेटली. किराणावाला तर मोबाइल नाचवत म्हणाला, "समद्या देशाला बदनाम करायलेत!" मामा तेव्हा फर्दापूरच्या बाईच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. हल्ली ते रोजच बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून. ते हळूच म्हणाले, "झोंबलं ना? मंग या माउलीला रोज काय वाटत असंल?"

दुसऱ्या दिवशी किराणावाल्याची बायको ब्लाउजचं कापड घेऊन त्या दारात उभी होती.

पुढं शास्त्रज्ञांनी ग्रीक अक्षरं वापरायचं ठरवलं आणि आमच्या दोडक्याचा 'डेल्टा' झाला. मामांना आनंद झाला, जरासा मत्सरही. "नाव बेस हाय, कुणाला लागत नाय. पर ग्रीसच्या लोकांना इचारलं व्हतं का?"

मग मामांनाच डेल्टानं गाठलं. ते दवाखान्यात, मामी घरात तापानं पडलेल्या, आमच्याही घरात अंथरुणं. त्या दिवसांत दोन्ही घरांचे डबे फर्दापूरच्या बाईनं पुरवले. मामा परत आले, पण छाती भरून बोलणं गेलं ते गेलंच. फाटकातून दिलेली हाक अर्ध्यावर तुटायची, उरलेली आम्ही समजून घ्यायचो. पुढच्या हिवाळ्यात मामा गेले आणि तीही थांबली.

परवा फर्दापूरला जाणं झालं. ती बाई आता गावी परतलीय, रस्त्यालगत तिचं शिवणाचं दुकान आहे. मला बसवून तिनं चहा मागवला. मामांचा विषय निघाल्यावर मशीन थांबवून म्हणाली, "गावातल्या बाया इचारतात, बजाजनगरात तुझं कोण व्हतं? मी सांगते, माझे सख्खे मामा व्हते."

ती पुन्हा मशीन चालवू लागली, आणि मी हातातला चहा निवेपर्यंत तसाच बसून राहिलो.